दीडपट

फोन खरं तर त्याच्यासाठी नव्हताच. तक्रारी घेणारी मुलगी जेवायला गेली होती, तिच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला होता आणि आजूबाजूचे सगळे कानांत बोंडं खुपसून आपापल्या पडद्यांत बुडालेले. म्हणून तो उठला आणि त्यानं रिसीव्हर उचलला. 'हॅलो' म्हणताना आवाजच फुटला नाही. सोमवार होता. शुक्रवारी संध्याकाळी खालच्या वॉचमनला 'येतो' म्हटल्यापासून तो कुणाशी बोललेलाच नव्हता, आणि सोमवारचा पहिला शब्द असा नेहमी घशात अडकायचा. खाकरून त्यानं पुन्हा हॅलो म्हटलं. पलीकडून बाईचा आवाज आला, थकलेला पण खणखणीत. "तुमच्या खिडकीत टिंब दिसत नाही."

"कुठलं टिंब?"

"अडीचमधलं. दोन, टिंब, पाच. आम्हाला नुसते दोन आणि पाच दिसतात. पंचवीस. मी वॉर्डातून बोलतेय, सिस्टर."

मग त्याच्या लक्षात आलं. हॉस्पिटलच्या वॉर्डांत चालणारा तो प्रोग्राम त्याच्याच हातचा होता. बरीच वर्षं झाली होती त्याला. डॉक्टर आपल्या खोलीत बसून औषधाचं प्रमाण लिहायचे, ते वॉर्डातल्या पडद्यावर एका खिडकीत उमटायचं, आणि सिस्टर ते वाचून रुग्णाच्या उशाशी असलेल्या पंपावर तो आकडा दाबायच्या. पंप थेंबाथेंबानं औषध शिरेत सोडत राहायचा. इतकं साधं काम. "अक्षरं मोठी करायची सोय असते बघा," तो म्हणाला. "कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दीडपट करा."

"केली की. दीडपट केली तर खालची बटणं पडद्याबाहेर जातात. 'ठीक आहे' दिसतं, 'रद्द' दिसत नाही. म्हणजे चुकलं तरी नको म्हणायची सोय नाही. काल दिवसभर आम्ही आपलं ठीक आहे, ठीक आहे करतोय." आणि त्या हसल्या. फार नाही, नाकातल्या नाकात. त्या हसण्यात त्यालाही सामील करून घेतलं होतं, असं त्याला उगीच वाटलं.

"आधी दिसायचं ना पण?"

"आधी दिसायचं हो. गेल्या आठवड्यात नवे पडदे आले. मोठे, झकास. माझ्या भाचीचा फोटो लावून बघितला तर पापणीचा केस न् केस दिसतो. फक्त तुमचं तेवढं दिसत नाही."

"पण आम्ही तर काहीच बदललेलं नाही."

"तेच तर," सिस्टर म्हणाल्या आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते 'तेच तर' दुपारभर त्याच्या डोक्यात भुणभुणत राहिलं. खरोखरच त्यानं काही बदललं नव्हतं. त्या टिंबाला त्यानं त्या काळी दोन ठिपके रुंदी आणि दोन ठिपके उंची दिली होती, आणि पडदाही ठिपक्यांचाच बनलेला असल्यामुळे तेवढं पुरत होतं. तेव्हाचे ठिपके जाडेभरडे, मोहरीएवढे म्हणावेत असे. आता पडद्यांचे ठिपके बारीक झाले होते. तेवढ्याच जागेत दुप्पट, तिप्पट मावायला लागले होते. त्याचं टिंब अजूनही दोन ठिपक्यांचंच होतं, इमानेइतबारे, पण ते दोन ठिपके आता डोळ्यांना नसल्यातच जमा होते. चूक कुणाची म्हणायची? बायको गेली तेव्हाही त्यानं हेच विचारलं होतं. ती टेबलाशी संत्रं सोलत बसली होती, सालीचा एकही तुकडा न तोडता, आणि सोलता सोलता तिनं सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून ती दुसऱ्या गावी नोकरी धरणार, एकटी. "मी काय केलं?" त्यानं विचारलं होतं. "काही नाही केलंस," ती म्हणाली होती. ते त्यानं तेव्हा आपल्या बाजूनं दिलेला निकाल समजून घेतलं होतं. चांगली वर्ष-दीड वर्ष तो त्या वाक्याच्या आधारावर जगला. ताईलाही त्यानं फोनवर तेच सांगितलं, तीच म्हणाली की मी काही केलं नाही म्हणून. त्यावर ताई म्हणाली होती, "जेवलास का?"

मॅनेजर बाई त्याच्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान होत्या आणि स्वभावानं वाईट नव्हत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो जुना प्रोग्राम आपण आता बंदच करतोय. पुढल्या वर्षी त्यांना नवा घ्यावाच लागेल. त्यात कशाला जीव घालवताय? पडदा खरखरीत करून टाका म्हणावं, बारीक ठिपके वापरूच नका. दिसेल आपोआप." त्यानं तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला फोन वाजला, आणि या वेळी तक्रारी घेणारी मुलगी जागेवर असूनही तिनं हात वर करून त्यालाच बोलावलं. "तुमच्या सिस्टर," ती म्हणाली. बाकीचे हसले. तुमच्या सिस्टर म्हणत होत्या, "दिसतं, पण धुक्यात दिसतं. तीनचा आठ होतो. मोतीबिंदू झाल्यासारखं वाटतं हो. तुम्ही एकदा येऊन बघा ना. लांबून नाही कळायचं."

खरं तर दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. तो स्वतः गेला. वॉर्डाच्या दारातच औषधांचा आणि ओल्या फरशीचा वास आला, आणि त्या वासानं तो थोडा बावचळला, कारण इतक्या वर्षांत आपला प्रोग्राम जिथे चालतो ती जागा त्यानं पाहिलीच नव्हती. त्याच्या कल्पनेत ती नेहमी एक स्वच्छ, पांढरी, निर्मनुष्य खोली असायची. इथे माणसंच माणसं होती. कुणाचा तरी डबा उघडा होता, कुणी कण्हत होतं, एका खाटेच्या कठड्यावर टॉवेल वाळत होता. सिस्टर पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, पांढऱ्या बुटांच्या. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत, कारण आणखी एक छोटी सिस्टर होती, नुकती नोकरीला लागलेली, जिच्या चेहऱ्यावर सदैव आपण आता काहीतरी पाडणार अशी भीती असे. "हे बघा," म्हणून मोठ्या सिस्टर पडद्यासमोर बसल्या आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तोंड पुढे नेलं, आणखी पुढे नेलं, इतकं की श्वासाची वाफ काचेवर धरली. तेव्हा त्याला पडद्याच्या मधोमध एक तेलकट लंबगोल डाग दिसला. कपाळांचा डाग होता तो. येणारी प्रत्येक जण तिथे कपाळ टेकल्यासारखी वाचत होती.

त्याला एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या मागून दुसरंच काहीतरी आठवलं. लहानपणी तो ज्या इमारतीत राहायचा तिथल्या बायका सुईत दोरा ओवायला त्याला हाक मारायच्या. त्याचे डोळे तीक्ष्ण होते. आईला त्याचं फार कौतुक. शेजारच्या काकू, वरच्या मजल्यावरच्या मावशी, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी. सगळ्या दारातूनच सुई पुढे धरायच्या. त्यांच्या बोटांत थरथर असायची, आणि तो दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून एका दमात पार करायचा. मग कुणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचं. ऑफिसातही त्याला 'घार' म्हणायचे, अजूनही चष्म्यावाचून वाचतो म्हणून. पण त्या बायकांना सुई कशी दिसते, दिसत नाही म्हणजे नक्की काय दिसतं, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"परवा हिनं पंचवीस लावलेच होते," मोठ्या सिस्टर छोटीकडे हनुवटी उडवत म्हणाल्या. "मी होते म्हणून. या औषधाचे पंचवीस कुणालाच देत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मी काय जन्मभर हिच्या पाठीशी उभी राहणार आहे का?" छोटीनं मान खाली घातली. दोन नंबरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ उठून बसले होते. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे, आणि आता त्यांचं रक्ताभिसरण ताळ्यावर ठेवायला हेच औषध थेंबाथेंबानं चाललं होतं. त्यांनी त्याला हाक मारली. "तुम्ही कॉम्प्युटरचे डॉक्टर वाटतं?" तो ओशाळून हसला. "मग नीट बघा बरं. आमच्या धंद्यात बारीक खुणेसाठी पेन्सिलीला टोक काढतात. तुमच्यात काय काढतात?" "चष्मा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि सगळा वॉर्ड हसला. तोही हसला. घरी परतताना, जिना चढताना, कुलूप काढताना, त्याच्या गालांना ते हसणं अजून जाणवत होतं. बऱ्याच दिवसांनी चालल्यावर पोटऱ्या जाणवाव्यात तसं.

मॅनेजर बाईंकडून त्यानं तीन आठवडे मागून घेतले. काम वरवर दिसतं तितकं सोपं नव्हतं. त्या प्रोग्रामात प्रत्येक गोष्ट ठिपके मोजून बसवलेली होती. नुसती अक्षरं दीडपट केली की ती आपापल्या चौकटींतून बाहेर सांडत. 'रुग्णाचे नाव'चं 'रुग्णाचे ना' व्हायचं. चौकट वाढवली की शेजारची चौकट झाकली जायची, ती सरकवली की खालची ओळ तळाशी बुडायची. लहान चादर मोठ्या गादीवर घालावी तसं, एक कोपरा ओढला की दुसरा सुटत होता. शेवटी त्यानं सगळी जुनी मोजमापं काढूनच टाकली. प्रोग्रामनं सुरू होताना आधी पडद्याला विचारायचं, बाबा रे, तुझे ठिपके केवढे. आणि त्या उत्तरानं प्रत्येक गोष्टीला गुणायचं. बटणांनी पडद्याच्या कडेला धरून राहायचं, पडदा केवढाही असो. आकडे इतरांपेक्षा मोठे, टिंब आकड्यांच्या मानानं ठसठशीत, आणि त्याच्या दोन्ही अंगांना थोडी मोकळी जागा. ही मोकळी जागा मोठ्या सिस्टरांनी सुचवली. "टिंबाला जरा श्वास घेऊ द्या," त्या म्हणाल्या होत्या.

कारण आता फोन रोज येत होता. वॉर्डाच्या बाजूच्या छोट्या खोलीत एक जास्तीचा कॉम्प्युटर होता, त्यावर तो दर दिवशीचं काम पाठवायचा, आणि दुपारची पाळी संपली की मोठ्या सिस्टर तिथे बसून ते तपासायच्या. फोन उचलला की आधी एक बूट पडल्याचा आवाज यायचा, मग दुसरा, मग मोठा सुस्कारा, आणि मग, "हं. आज काय बिघडवलंत?" तो सांगायचा. त्या बघायच्या, कुठे काय अडतंय ते सांगायच्या, आणि मधूनमधून दुसरंच काही. दोन नंबरचे मास्तर आज कसे रुसले, सुनेला नवी नोकरी कशी लागली, पाय कसे सुजतात, डॉक्टर लोक तारीख लिहायला कसे विसरतात. त्यात त्याच्यासाठी असं काही नव्हतं. बोलायला समोर दुसरं कुणी असतं तर त्यालाही त्यांनी हेच सांगितलं असतं. हे त्याला कळत होतं. पण दुपारचे चार वाजायला आले की तो पाण्याची बाटली भरून आणायचा, खुर्ची पुढे ओढायचा, आणि फोनजवळच्या कागदांची उगीचच आवराआवर करायचा. सकाळी दाढी करताना त्याला सांगण्यासारखं काही सुचे आणि तो ते मनात घोळवत ठेवी. एकदा त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" आणि तो "आहेत ना," एवढंच म्हणाला. का म्हणाला, कुणास ठाऊक. मग रात्री कपाटातून सदरा काढताना त्याच्या लक्षात आलं की बायकोचे कप्पे रिकामे होऊन इतकी वर्षं झाली, आपण त्यांत आपलेच कपडे नीट लावून ठेवले, तरी रोज काढतो ते फक्त आपल्या बाजूचेच. पलीकडच्या सदऱ्यांच्या घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या.

आणि एका शुक्रवारी, चार वाजायच्या थोडं आधी, काम संपलं. त्यानं तीन वेगवेगळ्या पडद्यांवर लावून पाहिलं. दीडपट, पावणेदोनपट, दुप्पट. कुठे काही सांडलं नाही, कुठे काही बुडलं नाही. 'रद्द' आपल्या जागी होतं. अडीच हे अडीचच दिसत होते, खोलीच्या दारातूनसुद्धा. फक्त एक बटण दाबायचं होतं, की वॉर्डातल्या सगळ्या पडद्यांवर ते एकदम गेलं असतं. तो बटणावर बोट ठेवून बसला. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या मागोमाग त्याची नजर फोनकडे गेली. सोमवारी चार वाजतील आणि फोन वाजणार नाही. का वाजावा? ज्याला सगळं नीट दिसतं तो कशाला फोन करील? एवढ्यात फोन वाजला. एक बूट. दुसरा बूट.

"हं. झालं का तुमचं?"

"होत आलंय," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा वाटला. "थोडंसं राहिलंय. सोमवारी देतो."

"द्या बाई लवकर. मी दोन दिवस नाहीये, भाचीकडे जातेय. ही पोरगी एकटी आहे वॉर्डात. जीव टांगणीला लागलाय माझा." मग त्या भाचीविषयी बोलत राहिल्या, आणि तो हं हं करत ऐकत राहिला. बोट बटणावरून कधी निघालं ते त्याला कळलं नाही. दोन दिवसांनी काय होतंय, असा विचारही त्यानं शब्दांत केला नाही. सोमवारी त्या विचारतील, मग मी सांगेन, मग त्या बघतील, म्हणतील छान झालं. तेवढं एक बोलणं त्यानं पुढे ठेवलं, बस्स. घरी जाताना तो वॉचमनशी नेहमीपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलला.

रविवारी दुपारी छोटीनं मास्तरांच्या पंपावर पंचवीस लावले. तिनं पडद्याला कपाळ टेकून, दोनदा वाचून मगच लावले होते. थोड्या वेळानं ती पाणी द्यायला म्हणून गेली तर मास्तरांची मान एका बाजूला कलंडलेली, ओठ राखाडी. तिनं पंप बंद केला आणि ओरडली. डॉक्टर धावत आले, मास्तरांना अतिदक्षता विभागात हलवलं, आणि छोटीला कुणीतरी सांगितलं की तू आता घरी जा, आणि बोलावल्याशिवाय येऊ नकोस. हे सगळं त्याला सोमवारी सकाळी मॅनेजर बाईंकडून कळलं. ऐकताना त्याला त्यांच्या टेबलावरचा कागद लावायचा चिमटा, पेनाचं टोपण, खिडकीच्या काचेवरचा हातांचा ठसा, असं सगळं भलतंच स्पष्ट दिसत होतं. "आहेत का ते?" त्यानं विचारलं. "आहेत," बाई म्हणाल्या. "पण उद्या बैठक आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला. आणि एक लक्षात ठेवा, वाचणाऱ्यानं काळजी घ्यायला हवी, एवढंच आपलं म्हणणं. मोठं करायचं काम आपण मेहेरबानी म्हणून अंगावर घेतलं होतं." तो जागेवर आला आणि त्यानं बटण दाबलं. क्षणभराचं काम होतं. पण हॉस्पिटलनं रविवारपासून सगळे बदल थांबवून ठेवले होते. त्याचं काम वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत आलं. त्या दिवशी चार वाजता फोन वाजला नाही.

बैठक एका लांबट खोलीत होती. टेबलाच्या टोकाला अधीक्षक डॉक्टर, बाजूला मोठ्या सिस्टर, त्यांच्यामागे भिंतीशी छोटी, घरच्या कपड्यांत. घरच्या कपड्यांत ती शाळकरी दिसत होती. कुणीतरी तिला बस म्हटलं तरी ती बसली नाही. अधीक्षकांनी तिला विचारलं की आकडा वाचताना शंका आली का. ती म्हणाली, नाही, मला पंचवीसच दिसले. परत विचारलं, तर परत तेच म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. मॅनेजर बाईंनी ठरल्याप्रमाणे सांगितलं, सौम्यपणे, की जुना प्रोग्राम जुन्या पडद्यांसाठी होता, नवे पडदे लावण्याआधी आम्हाला विचारलं गेलं नाही, दुरुस्ती चालू होती, आणि वाचणाऱ्यानं अशा वेळी दुसऱ्या कुणाला दाखवून घ्यायला हवं होतं. सगळं खरं होतं. अधीक्षक मान हलवत होते. छोटी आपल्या हातांकडे बघत होती. त्याला वाटलं, हे असंच संपेल, कुणी मला काही विचारणारही नाही, मी काहीच केलेलं नाही. मग तो बोलला.

"दुरुस्ती चालू नव्हती," तो म्हणाला. "झाली होती. शुक्रवारी दुपारी. मी दिली नाही."

मॅनेजर बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तपासायची राहिली होती ना," त्या म्हणाल्या, शब्द त्याच्या तोंडात ठेवत.

"नाही. तपासून झाली होती. जुन्या खिडकीत हिला टिंब दिसणं शक्यच नव्हतं, कुणालाच नव्हतं. शुक्रवारी दिली असती तर दिसलं असतं."

"मग दिली का नाही?" अधीक्षकांनी विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. शब्द होते, पण त्या लांबट खोलीत, त्या चेहऱ्यांसमोर ते उच्चारण्यासारखे नव्हते. "कारण नाही," तो म्हणाला. आणि त्याची नजर मोठ्या सिस्टरांकडे गेली. त्या त्याच्याकडे एकटक बघत होत्या, आधी नुसत्या संतापानं, मग भुवया जरा जवळ आणून, बारीक काहीतरी वाचू पाहावं तशा. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हळूच मान खाली घातली आणि टेबलावरचा आपला चष्मा उचलून विनाकारण पुसायला घेतला. त्यांना कळलं होतं. त्यांना कळलं हे त्यालाही कळलं. आणि त्या बैठकीत पुढे जे काही झालं, कुणी काय लिहून घेतलं, बाई गाडीत बसताना कशा कडाडल्या आणि हॉस्पिटलची सगळी कामं त्याच्याकडून काढून घेतल्याचं कसं सांगितलं, हे सगळं त्याच्या कानांवरून गेलं.

फक्त एवढंच शेवटचं काम त्याच्याकडे राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. आठवड्याच्या अखेरीला परवानगी आली. तो वॉर्डात गेला आणि एकेका पडद्यासमोर स्वतः उभं राहून त्यानं नवी खिडकी लावली. काचेवरचे कपाळांचे डागही रुमालानं पुसून काढले. मास्तर परत दोन नंबरवर आले होते. उशांना टेकून सूप पीत होते, चमचा तोंडापर्यंत नेताना हात थरथरत होता. त्यांना कुणी काय सांगितलं होतं, कोण जाणे. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, ओळखल्यासारखं वाटलं, आणि ते परत सुपाकडे वळले. मोठ्या सिस्टर शेवटच्या पडद्याशी आल्या.

"बसा ना," तो म्हणाला. "मागे टेकून बसा. जवळ जायची गरज नाही."

त्या बसल्या. पाठ टेकली. हात मांडीवर ठेवले. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं मोठ्यानं वाचलं, रुग्णाचं नाव, खाट, औषध, आणि मग, जरा थांबून, "दोन टिंब पाच." मग त्या उठून दारापर्यंत गेल्या आणि तिथून परत वाचलं. "दिसतं," त्या म्हणाल्या. "स्वच्छ दिसतं. चांगलं केलंयत."

"काही अडलं तर..."

"नाही अडायचं." त्यांचा आवाज कठोर नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. त्या काही क्षण दारातच उभ्या राहिल्या, पायांतल्या बुटांकडे बघत, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला नुसतं म्हणायचंत. मी तशीही बोलले असते हो." मग कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. तो बसमध्ये मागच्या बाजूला, खिडकीशी बसला आणि ते वाक्य त्यानं आतल्या आत उलटंसुलटं करून पाहिलं. तशीही बोलले असते. इतकं सोपं होतं का ते? म्हणजे फोन उचलायचा, आणि काही बिघडलेलं नसताना म्हणायचं, मी बोलतोय, सहज? त्याला तसं करणाऱ्या माणसाचा आवाज कसा असेल, हेसुद्धा सुचेना. पुढच्या थांब्यावर, हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी, पाळी सुटलेल्या बायका चढल्या, त्यांच्यात छोटी होती. सगळ्या जागा भरत भरत त्याच्या शेजारची तेवढी उरली. तिनं त्याला पाहिलं, उभं राहायचा विचार केला असावा, पण बसनं हिसका दिला आणि ती बसली. तिनं पिशवी मांडीवर घेतली.

"मला परत घेतलं कामावर," ती म्हणाली.

"कळलं मला."

"मला राग आहे तुमचा."

"हो."

"हो काय नुसतं?" ती वळली. "घरी जेवण जात नव्हतं मला. आई विचारायची काय झालं, सांगता येईना. रात्रभर एक डोळा झाकून कॅलेंडर वाचत बसायचे. मला वाटायला लागलं, माझेच डोळे फुटके."

"डोळे चांगले आहेत तुमचे," तो म्हणाला. "तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच." आणि थोड्या वेळानं, घसा न खाकरता, "माझं चुकलं."

 माफ केलं असं तिनं म्हटलं नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती बाहेर बघत राहिली. दुकानांच्या पाट्या, सायकली, पाणी मारलेला एक फुटपाथ मागे गेला. दिवसभर उभी असणार. हळूहळू तिची मान पेंगायला लागली, दचकून सावरली, पुन्हा पेंगली, आणि एका वळणावर तिचं डोकं त्याच्या खांद्यावर येऊन टेकलं आणि तिथेच राहिलं. त्यानं श्वास रोखला. मग सावकाश सोडला. केसांना हॉस्पिटलच्या साबणाचा वास होता. इतक्या जवळून तिच्या भुवईतला एक जुना व्रण दिसत होता. त्यानं नजर काढून घेतली आणि खांदा जिथे होता तिथेच ठेवला, ताठ नाही, सैलही नाही. बस थांबली. त्याचा थांबा होता. दोघंतिघं उतरले, कुणीतरी चढलं, दार लागलं, आणि त्याची इमारत, तिसऱ्या मजल्यावरची त्याची अंधारी खिडकी, काचेपलीकडून मागे निघून गेली.